औषधाची धास्ती आणि जगण्याचे मोजमाप

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गावाकडच्या दवाखान्यात आजही एक संवाद ऐकू येतो. डॉक्टर विचारतात, "काय आजोबा, आता कसे वाटते?" आजोबा क्षणभर विचार करतात आणि उत्तर देतात, "बारा आणे बरे आहे." १९५७ साली देशात दशमान नाणेपद्धती आली आणि आणे व्यवहारातून गेले. दुखण्याचा हिशेब मात्र जुन्या पिढीने आण्यांतच ठेवला. या उत्तराकडे बारकाईने पाहिले, तर त्यात एक शास्त्रीय कृती दडलेली दिसते. आजोबांनी स्वतःच्या स्थितीचे मोजमाप केले आहे. त्या मोजमापाला आरंभ आहे, शेवट आहे, पायऱ्या आहेत. गेल्या आठवड्यात तेच आजोबा 'आठ आणे' म्हणाले असतील, तर डॉक्टरांना सुधारणा नेमकी कळते. यासाठी रक्ताची तपासणी लागत नाही. रुग्णाला विचारावे लागते आणि त्याचे उत्तर गांभीर्याने घ्यावे लागते.

आजचा विषय या साध्या कृतीशीच संबंधित आहे. ज्यांना एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, किंवा आहे असे सांगितले गेले आहे, त्यांच्या जगण्यावर त्याचा किती भार पडतो, हे मोजायचे कसे? आणि मोजून साधायचे काय?

चट्टे मावळतात, शिक्का राहतो

एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील गृहिणी पंचेचाळिशीची आहे. शाळेत असताना तिला घसादुखी आणि ताप झाला होता. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले आणि तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठले. "हिला पेनिसिलीन चालत नाही, पुन्हा कधी देऊ नका," असे आईला सांगण्यात आले. पुरळ चार दिवसांत मावळले. ते वाक्य मात्र तीस वर्षे तिच्यासोबत आहे. ते तिच्याबरोबर सासरी आले. बाळंतपणाच्या कागदांवर ते लाल शाईने लिहिले गेले. दाढ किडली तेव्हा दंतवैद्याकडे जाणे तिने दोन वर्षे पुढे ढकलले, कारण तेथे काही औषध द्यावे लागले तर काय, ही धास्ती. ताप आला तरी ती गोळी घेत नाही, काढा घेऊन पडून राहते. प्रवासाला निघताना तिची पर्स कपड्यांपेक्षा कागदांनी जड असते. आणि आता आपल्या कन्येलाही ती बजावते, "मला चालत नाही, म्हणजे तुलाही चालणार नाही."

ही एखाद्या विशिष्ट घरातील स्त्री नव्हे. असे चित्र असंख्य घरांत दिसते. प्रश्न असा, की या स्त्रीचा आजार कोठे आहे? तिचा रक्तदाब उत्तम, रक्ततपासणी निर्दोष, त्वचा स्वच्छ. वैद्यकीय तपासणीत ती निरोगी ठरते. तरीही तिच्या निर्णयांवर, प्रवासावर, झोपेवर आणि मुलीच्या संगोपनावर एक सावली आहे. दमा किंवा संधिवात दररोज त्रास देतो, म्हणून तो दिसतो. औषधाची अ‍ॅलर्जी औषध घेईपर्यंत गुप्त असते. तिचा त्रास म्हणजे मुख्यतः पुढे काय होईल याची चिंता, आणि ती चिंता कोणत्याही तपासणी-अहवालात उमटत नाही.

अ‍ॅलर्जी म्हणजे नेमके काय?

मोजण्यापूर्वी वस्तू ओळखावी लागते. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. त्याआधी शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांनी, एकदा सोसलेला पदार्थ दुसऱ्या वेळी अल्प मात्रेतही प्राणघातक ठरू शकतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. त्या अवस्थेला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव मिळाले आणि या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून शरीराला इजा करते, हा त्या शोधाचा गाभा होता.

पुढे प्रतिजैविकांचे युग आले. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. स्वतंत्र भारताने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभारला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. या औषधाने असंख्य जीव वाचवले. त्याचबरोबर 'पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन' हा शब्दप्रयोगही घरोघरी पोहोचला.

औषधामुळे होणारा प्रत्येक त्रास म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. प्रतिजैविक घेतल्यावर पोट बिघडणे हा दुष्परिणाम आहे. मुलांना विषाणुजन्य तापात पुरळ उठते आणि त्याच दिवसांत औषध चालू असते. दोष औषधाच्या माथी बसतो. खऱ्या अ‍ॅलर्जीचेही प्रकार आहेत. काहींत औषध घेतल्यापासून मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. काहींत पुरळ काही दिवसांनी येते आणि ओसरते. आणि काही थोड्या रुग्णांत त्वचा भाजल्याप्रमाणे सोलून निघते, तोंड आणि डोळे सोलवटतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था जिवावर बेतू शकते. या सर्वांना व्यवहारात एकच शब्द वापरला जातो आणि सर्वांच्या केसपेपरवर एकच शिक्का बसतो. म्हणून भयही सर्वांना सारखेच वाटते. ज्याचा मृत्यू थोडक्यात टळला तोही घाबरतो, आणि ज्याला कधीकाळी साधे पुरळ उठले तोही घाबरतो.

आयुष्य किती आणि कसे

किती जगलो यापेक्षा कसे जगलो हा प्रश्न वेगळा आहे, ही जाण भारतीय वैद्यकपरंपरेत प्राचीन काळापासून आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, आयुर्वेदाची व्याख्या करताना हितकर आयुष्य, अहितकर आयुष्य, सुखी आयुष्य आणि दुःखी आयुष्य असा विचार आला आहे, आणि त्यासोबत आयुष्याच्या 'माना'चाही उल्लेख आहे. तेथील 'मान' म्हणजे आयुर्मर्यादा. आजच्या प्रश्नावल्या त्या ग्रंथात शोधण्याचे कारण नाही. परंतु आयुष्याची लांबी आणि आयुष्याचे सुख या दोन गोष्टी निराळ्या ठेवून दोन्ही वैद्याच्या कक्षेत आणणारी ही दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

आधुनिक काळात १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने, केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या केली. व्याख्या झाली, तरी तिचे मोजमाप नव्हते. ते १९९० च्या दशकात आकाराला आले. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील पंधरा केंद्रांच्या सहकार्याने जीवनगुणवत्तेची प्रश्नावली तयार केली. त्या केंद्रांत नवी दिल्ली आणि चेन्नई ही दोन भारतीय केंद्रे होती. या प्रश्नावलीच्या संक्षिप्त आवृत्तीत २६ प्रश्न आहेत आणि शरीर, मन, सामाजिक संबंध व परिसर असे चार विभाग आहेत.

येथे एक शब्दभेद ध्यानात घेतला पाहिजे. 'जीवनमान' म्हणजे उत्पन्न, घर, सोयीसुविधा. 'जीवनगुणवत्ता' म्हणजे स्वतःच्या जगण्याकडे पाहण्याची व्यक्तीची दृष्टी. तिच्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष आयुष्य यांतील अंतर. सधन घरातील व्यक्तीची जीवनगुणवत्ता खालावलेली असू शकते, आणि साध्या घरातील व्यक्ती समाधानात जगत असू शकते. म्हणून याविषयी अंतिम साक्ष रुग्णाचीच असते.

वेगळ्या दुखण्याला वेगळी मोजपट्टी

सर्वसाधारण प्रश्नावली सर्व आजारांना लागू पडते. तोच तिचा गुण आणि तीच तिची मर्यादा. जिना चढता येतो का, झोप लागते का, वेदना आहे का, असे तिचे प्रश्न असतात. आपल्या कथेतील गृहिणी जिना सहज चढते. तिला वेदना नाही. या प्रश्नावलीत तिला उत्तम गुण मिळतील आणि तिची धास्ती कागदाच्या बाहेरच राहील.

हीच अडचण इतर आजारांतही आली होती. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली केवळ दम्याच्या रुग्णांसाठी ३२ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. फुप्फुसांची क्षमता यंत्राने मोजता येते. पण धूळ असेल म्हणून लग्नाला जाणे टाळणारा रुग्ण त्या यंत्राला दिसत नाही, हे त्यामागचे सूत्र होते.

औषधांच्या अ‍ॅलर्जीसाठी असे साधन २०११ साली इटलीत तयार झाले. इलारिया बायार्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध-अतिसंवेदनशीलतेच्या रुग्णांसाठी १५ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. पुढे तुर्की, पोर्तुगीज, स्पॅनिश, थाई अशा भाषांत तिच्या आवृत्त्या पडताळून पाहण्यात आल्या. तिचा रोख त्वचेवरील लक्षणांपेक्षा मनावरील भाराकडे आहे. नवे औषध घेताना वाटणारी चिंता, गरज पडली तर आपल्याला चालणारे औषध मिळेल की नाही ही अनिश्चितता, इतरांपेक्षा आपण वेगळे आहोत ही भावना, साध्या दुखण्याचेही वाटणारे भय, अशा अनुभवांना ती शब्द देते. प्रत्येक प्रश्नाला पाच पायऱ्यांतील एक उत्तर निवडायचे आणि गुणांची बेरीज करायची, अशी तिची रीत आहे. आजोबांच्या आण्यांचा हा शिस्तबद्ध विस्तारच म्हणता येईल.

प्रश्नावली कशी घडते?

पंधरा प्रश्न लिहून काढणे तासाभराचे काम वाटेल. ते वर्षांचे काम असते, कारण मोजपट्टी आधी स्वतः मोजून घ्यावी लागते.

पहिली पायरी श्रवणाची. अनेक रुग्णांना मोकळेपणाने बोलू द्यायचे आणि त्यांच्याच बोलण्यातून प्रश्न वेचायचे. डॉक्टरांच्या कल्पनेतून सुचलेले प्रश्न बहुधा डॉक्टरांच्या चिंता मोजतात. दुसरी पायरी निवडीची. ज्या प्रश्नांना सर्वजण एकच उत्तर देतात ते गळतात, एकाच अर्थाचे दोन असतील तर एक गळतो. तिसरी पायरी अंतर्गत सुसंगतीची. सर्व प्रश्न मिळून एकाच गोष्टीचा वेध घेतात का, हे संख्याशास्त्राने तपासले जाते. चौथी पायरी स्थिरतेची. रुग्णाची स्थिती बदललेली नसताना पंधरवड्याने तीच प्रश्नावली दिली, तर उत्तर साधारण तेच आले पाहिजे. वजनाचा काटा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे वजन दाखवू लागला, तर तो दुकानातून बाद होतो. येथेही न्याय तोच. शेवटची पायरी संवेदनक्षमतेची. रुग्णाला खरोखर दिलासा मिळाला, तर गुणांत फरक पडला पाहिजे, आणि तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका आहे की केवळ कागदावरचा, हेही ठरवले पाहिजे.

यानंतर येतो भाषेचा प्रश्न. मराठीत अशी प्रश्नावली आणायची, तर शब्दकोश पुरणार नाही. 'पित्त' हा एकच शब्द पाहा. "औषधाने पित्त उठले" असे एक रुग्ण म्हणतो तेव्हा अंगावर गांधी उठल्या असा अर्थ असतो. दुसरा तेच म्हणतो तेव्हा छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हा अर्थ असतो. पहिली कदाचित अ‍ॅलर्जी, दुसरी नव्हे. "जीव घाबरा झाला" या शब्दांत मनाची चिंता, छातीतील धडधड आणि श्वासाची ओढ या तिन्ही गोष्टी येतात. "गोळी गरम पडली", "औषध सोसले नाही", "इंजेक्शन अंगावर आले" या प्रत्येक वाक्यामागे वेगळा अनुभव असतो. म्हणून अशा कामाची मान्य रीत अशी, की दोन जाणकारांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, त्यातून एक मसुदा सिद्ध करायचा, तो मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीने उलट मूळ भाषेत आणायचा, फरक तपासायचे आणि शेवटी रुग्णांसमोर ठेवून विचारायचे, "या वाक्यातून तुम्हाला काय समजले?" कोकणातील, विदर्भातील आणि मराठवाड्यातील रुग्णाला एका वाक्यातून एकच अर्थ पोहोचला, तरच त्या गुणांची तुलना करता येते.

आणखी एक सामाजिक वास्तव आहे. आपल्याकडे रुग्ण एकटा तपासणीला येत नाही. सोबत पती, सासूबाई, मुलगा असतो आणि अनेकदा उत्तर तेच देतात. "तिला काही होत नाही हो, उगाच घाबरते," असे वाक्य शेजारून आले, की गृहिणी पाच पायऱ्यांपैकी मधली पायरी निवडून मोकळी होते. प्रश्नावली रुग्णाने स्वतः, शांतपणे, कोणाच्या दडपणाविना भरली पाहिजे. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवणारी व्यक्ती तटस्थ असली पाहिजे.

मोजून काय साधते?

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. भय मोजल्याने भय जाते का? जात नाही. पण मोजल्यामुळे ते डॉक्टरांच्या टेबलावर येते आणि उपचाराचा विषय बनते. उपचाराची दिशा दोन गोष्टींवर ठरते. शिक्का खरा आहे की नाही, आणि रुग्णावर त्याचा भार किती आहे. पहिल्या गोष्टीसाठी अ‍ॅलर्जीच्या चाचण्या आहेत, दुसरीसाठी ही प्रश्नावली.

पहिल्या गोष्टीविषयीची माहिती विलक्षण आहे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या नोंदीत पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली आढळते. रीतसर तपासणी केली, तर त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना ते औषध सुरक्षितपणे घेता येते. काहींना मुळात अ‍ॅलर्जी नव्हतीच. काहींना ती होती, पण काळाच्या ओघात ओसरली. तत्काळ प्रकारच्या पेनिसिलीन-अ‍ॅलर्जीच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत दहा वर्षांनी ती संवेदनशीलता उरत नाही. हे आकडे अमेरिकेतील आहेत आणि ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. मात्र जुना शिक्का पुन्हा तपासून पाहावा, हा त्यांतील बोध सर्वत्र लागू आहे.

चुकीचा शिक्का निरुपद्रवी नसतो. पेनिसिलीन टाळले, की डॉक्टरांना अधिक व्यापक, अधिक महाग आणि काही वेळा कमी प्रभावी प्रतिजैविके द्यावी लागतात. ब्रिटनमधील नोंदींवर आधारित आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पेनिसिलीन-अ‍ॅलर्जीची नोंद असलेल्या सुमारे ६४ हजार प्रौढांची तुलना तशी नोंद नसलेल्या समवयस्कांशी करण्यात आली. नोंद असलेल्यांत औषधांना दाद न देणाऱ्या एमआरएसए या जंतूचा धोका ६९ टक्क्यांनी, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्याच्या जंतुसंसर्गाचा धोका २६ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे शिक्क्याचा भार मनावर असतो, तसा शरीरावर आणि समाजावरही असतो, कारण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू एका घरापुरते राहत नाहीत.

शिक्का तपासण्याची रीतही आता अधिक सुलभ होत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ३८२ प्रौढ सहभागी झाले. हे सर्व पूर्वेतिहासावरून कमी जोखमीचे ठरलेले होते. एका गटाची आधी त्वचाचाचणी झाली, दुसऱ्याला वैद्यकीय देखरेखीखाली थेट तोंडावाटे औषध देण्यात आले. दोन्ही गटांत प्रत्येकी एकाच व्यक्तीला प्रतिक्रिया आली.

येथे एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे. "आता काही होत नाही असे ऐकले," म्हणून घरी गोळी घेऊन पाहणे हा जिवाशी खेळ आहे. ही चाचणी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन आणि प्राणरक्षणाची साधने हाताशी असतानाच होते. ज्यांना त्वचा सोलून निघण्यासारखी तीव्र प्रतिक्रिया आली असेल, त्यांच्यावर अशी चाचणी करतच नाहीत. त्यांच्यासाठी ते औषध कायमचे वर्ज्य असते.

आता त्या गृहिणीकडे परत येऊ. समजा, तिने तज्ज्ञाकडे चाचणी करून घेतली. चाचणीपूर्वी प्रश्नावली भरली आणि काही महिन्यांनी पुन्हा भरली. चाचणीत अ‍ॅलर्जी नाही असे निघाले आणि गुणही सुधारले, तर तिला खऱ्या अर्थाने मोकळे केले असे म्हणता येईल. परंतु चाचणी निर्दोष येऊनही गुण जैसे थे राहिले, तर डॉक्टरांना कळते की कागदावरचा शिक्का पुसला, मनावरचा पुसलेला नाही. तीस वर्षांची सवय एका अहवालाने जात नाही. अशा वेळी समजावून सांगणे, पुढील आजारात ते औषध लागले तर पहिली मात्रा दवाखान्यातच देणे, घरच्यांशी बोलणे, हे उपाय करता येतात. आणि चाचणीत खरी अ‍ॅलर्जी सिद्ध झाली, तरी हाती काहीतरी पडते. कोणते औषध वर्ज्य आणि कोणती सुरक्षित, याची नेमकी यादी मिळते. 'सगळीच औषधे धोक्याची' या धुक्यात जगण्यापेक्षा 'हे एक औषध आणि त्याचे हे नातलग टाळायचे' हे जगणे पुष्कळ सोपे असते. तिच्या कन्येलाही एक उत्तर मिळते, की आईला पेनिसिलीन चालत नाही एवढ्याच कारणाने मुलीने ते टाळण्याची गरज नसते.

गुणांची मर्यादा

मोजपट्टीचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. बेरीज म्हणजे माणूस नव्हे. दोन रुग्णांचे गुण समान असतील, पण एक रात्री झोपत नसेल आणि दुसरा दंतवैद्याकडे जात नसेल. काही रुग्ण डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून चांगली उत्तरे देतात, काही आपले दुखणे कोणी मनावर घ्यावे म्हणून वाईट. प्रश्नावली संभाषणाचा आरंभ आहे. ती संभाषणाची जागा घेऊ लागली, तर नर्सने कागद भरून घेतला आणि फाईलला लावला एवढेच उरेल. तसेच कमी गुण म्हणजे रुग्ण भित्रा, असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. ज्याने एकदा श्वास कोंडताना मृत्यू समोर पाहिला, त्याची सावधगिरी हा दोष नसतो.

कुटुंबाचे आणि कार्यकर्त्याचे काम

हे सर्व तज्ज्ञांचे काम झाले. घराघरांत आणि वस्तीपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्यांनी काय करावे?

पहिले काम नोंदीचे. औषधाने त्रास झाला, तर त्याच दिवशी चार गोष्टी वहीत लिहाव्यात. औषधाचे नाव, व्यापारी नावासोबत पाकिटावरचे मूळ नावही. ते घेतल्यानंतर किती वेळाने त्रास झाला. नेमके काय झाले. आणि कशाने बरे वाटले. औषधाची पट्टी जपून ठेवावी, चट्ट्यांचे छायाचित्र काढावे. तीस वर्षांनी तज्ज्ञ याच चार गोष्टी विचारणार असतात आणि तेव्हा "काहीतरी पांढरी गोळी होती" एवढेच आठवते. वेदनाशामक औषध सर्दी-तापाच्या संयुक्त गोळ्यांतही असते, म्हणून मूळ नाव ठाऊक असणे हेच खरे संरक्षण.

दुसरे काम कळवण्याचे. औषधांच्या प्रतिकूल परिणामांची नोंद घेण्यासाठी भारतात २०१० साली औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकही आपला अनुभव कळवू शकतो. एका घरातील नोंद दुसऱ्या घराच्या उपयोगी पडते, ती अशी.

तिसरे काम आरोग्य शिबिरांचे. शिबिरात रक्तदाब, साखर, वजन तपासले जाते. "कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे?" हा प्रश्नही अर्जावर असतो आणि 'आहे' किंवा 'नाही' एवढ्यावर थांबतो. त्यापुढे दोन प्रश्न जोडण्यास काहीच खर्च येत नाही. "ते कोणी आणि केव्हा ठरवले?" आणि "त्यामुळे तुम्ही काय टाळता?" पहिल्या प्रश्नातून तपासणीयोग्य शिक्के सापडतील. दुसऱ्यातून किडलेल्या दाढा, लांबलेल्या शस्त्रक्रिया आणि अंगावर काढलेले ताप बाहेर येतील. अशा व्यक्तीला योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे, ही मोठी सेवा आहे.

चौथे काम घरातले, आणि तेच सर्वांत कठीण. "उगाच घाबरतेस" हे वाक्य सोडून द्यावे लागेल. ज्या भयाची घरात थट्टा होते, ते दवाखान्यातही उघड होत नाही.

'बारा आणे बरे आहे' म्हणणाऱ्या आजोबांना विचारणारे कोणी होते, म्हणून त्यांना ते सांगता आले. त्या गृहिणीला मात्र तीस वर्षांत कोणी विचारले नाही. "पेनिसिलीन चालते का?" हे प्रत्येकाने विचारले, "त्यामुळे तुमचे कसे चालते?" हे कोणी विचारले नाही. आज सभागृहातून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील फाईल उघडून पाहावी. एखाद्या जुन्या कागदावर लाल शाईतील ते वाक्य सापडले, तर ज्याच्या नावापुढे ते लिहिले आहे त्याच्याजवळ बसून हा प्रश्न जरूर विचारावा, आणि उत्तर किती आण्यांचे येते ते शांतपणे ऐकावे.